लुचो आरेव्हालोची बायको

तोंड उघडं ठेवून खुर्चीत पडलेल्या माणसाला बोलता येत नाही, हे नेरिसाला तिच्या कामातलं सगळ्यात आवडायचं. दातांच्या डॉक्टरीणबाई कोरायच्या, घासायच्या, आणि नेरिसा शेजारी उभी राहून थुंकी ओढणारी नळी गालाच्या आत धरून ठेवायची. माणसं छताकडे बघायची, नाहीतर डोळे मिटून घ्यायची. तिच्याकडे कुणी बघत नसे. मास्क आणि टोपी यांच्यामधल्या फटीत तिचे डोळे तेवढे असायचे, आणि मारिकिना शहरातल्या या गल्लीत इतक्या वर्षांत त्या डोळ्यांची कुणी दखल घेतली नव्हती. त्या सकाळी मात्र खुर्चीतली बाई छताकडे बघेना. पुलाजवळ तिचं चपलांचं दुकान होतं. नेरिसा मास्क घालायच्या आधी दारातच तिने तिला न्याहाळून घेतलं होतं. आता भूल दिलेला गाल एका बाजूला लोंबत असताना ती डोळे वर करकरून नेरिसाकडे बघत होती, आणि डॉक्टरीणबाई हात धुवायला वळल्या तशी तिने स्वतःच नळी तोंडातून काढली. बधिर जिभेने म्हणाली, "तूच ना ती? लुचोची बायको?"

नेरिसाला वाटलं, भुलीने शब्द वाकडे झाले असतील. ती हसली. बाईने पोटावरच्या पर्समधून फोन काढला, अंगठ्याने दोनदा सरकवलं आणि तिच्यापुढे धरला. फोनमधून एका बाईचा आवाज बोलत होता, पण तो बाईचा नव्हता, कॉम्प्युटरचा होता. प्रत्येक शब्दावर सारखाच जोर. 'सुपरस्टार लुचो आरेव्हालोने जगापासून लपवलेलं कुटुंब. मारिकिनातली गरीब बायको. त्याच्याच नाकाची मुलगी.' आणि मग फोटो. त्यात लुचोच्या कडेवर तिची ज्युएल होती, वर्षाचीसुद्धा झाली नव्हती तेव्हाची, आणि शेजारी ती स्वतः, केस मोकळे, पिवळा ब्लाउज, हसत असलेली. हातातली नळी हवा ओढत सूं सूं करत राहिली. "बंद कर ती," डॉक्टरीणबाई मागून म्हणाल्या. तिने बंद केली.

तो ब्लाउज तिला आधी आठवला, माणसं नंतर. बिस्किटांच्या जाहिरातीसाठी लुचो मॉलमध्ये आला होता. नेरिसा आणि तिचा नवरा रोदेल काही त्याला बघायला गेले नव्हते. रोदेल आठवड्याभरात पहिल्यांदा जहाजावर जायचा होता, घरात पत्रा तापला होता, आणि तो म्हणाला होता, "चल, फुकटची थंड हवा तरी खाऊ." गर्दीने त्यांना ढकलत ढकलत पार मंचाजवळ नेलं. ज्युएल रडत होती, म्हणून लुचोने वाकून तिला उचललं असावं. कॅमेरेवाल्यांना रडणारं मूल गप्प झालेलं आवडतं. त्याच्या अंगाला भारी अत्तराचा वास होता आणि त्याखाली घामाचा, दिवसभर उभं राहिलेल्या माणसाचा. ओठ न हलवता तो तिला म्हणाला होता, "अजून किती मजले आहेत हो या मॉलला?" तिला तेव्हा त्याची दया आली होती. आणि समोर, दोन डोक्यांच्या मधून, रोदेल फोन उंच धरून ओरडत होता, "नेरी, इकडे! अगं त्याच्याकडे नको, माझ्याकडे बघ!" शर्टाची बटणं त्याने चुकीच्या काजांत लावली होती, एक टोक वर, एक खाली, आणि तसा तो टाचा उंचावून उभा होता. तिने त्याच्याकडे बघितलं. ते हसू त्या फोटोत होतं. बटणं फोटोत नव्हती, रोदेलही नव्हता, कारण फोटो त्याने काढला होता.

जुन्या खात्यावर कुठेतरी तो पडून होता. त्या खात्याचा पासवर्ड ती कधीच विसरली होती. खाली नातेवाइकांनी चेष्टा केली होती, रोदेलनेच लिहिलं होतं, 'चला, माझी जागा गेली.' कुणीतरी ते सगळं कापून फक्त तीन चेहरे ठेवले होते. कुणी, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. राग कुणावर धरायचा हेच ठरेना, आणि असा बिनमालकाचा राग फार लवकर शिणतो. पहिल्या दोन दिवसांत ती भेटेल त्याला सांगत होती: नाही हो, मॉलमध्ये काढलेला आहे, माझा नवरा जहाजावर असतो, मुलगी त्याची. माणसं समजूतदारपणे मान हलवायची. "बरोबर आहे, तुला बोलता येत नसणार," ट्रायसिकलवाला म्हणाला आणि भाडंच घेईना. "लुचोला सांग, आमच्या गल्लीतला रस्ता तेवढा करून दे." लुचोचा नवा सिनेमा त्याच बुधवारी लागायचा होता. त्याच्या मॅनेजरला वार्ताहरांनी विचारलं, तर तो हसून म्हणाला, "लुचोच्या खाजगी गोष्टींवर आम्ही बोलत नाही. सिनेमा मात्र सहकुटुंब बघा." हे वाक्य दिवसभर सगळीकडे वाजत होतं. 'सहकुटुंब' या शब्दाभोवती कुणीतरी लाल गोल काढला होता.

घरात सासूबाई होत्या. पासिंग म्हणून त्यांना सारी गल्ली ओळखत असे. त्या बाजारातून आल्या की पिशवी टेबलावर आदळायच्या आणि वाटे काढावेत तशा बातम्या काढायच्या. "मासळीवालीनं आज दोन बांगडे जास्त टाकले. म्हटलं, हे कशाला? तर म्हणते, सुनेला द्या. मी तिला ठणकावलं. म्हटलं, माझी सून तसली नाही."

"बरं केलंत, आई."

"बांगडे मात्र परत नाही केले. ताजे होते." मग जरा थांबून, चिंचेच्या आंबट रस्स्यात मासे सोडता सोडता, पाठ वळवलेलीच ठेवून: "पोरगी गोरी आहे, हे मात्र लोकांचं खरं आहे हो. आमच्याकडे कुणी इतकं गोरं नाही."

"माझी आई गोरी होती."

"असेल. मी कुठे काय म्हणतेय? मी काय एखादी मारितेस आहे, घरोघर चुगल्या करत फिरायला?"

नेरिसा तांदूळ धूत होती. पाणी पांढरं होत होतं, ओतत होती, पुन्हा पांढरं होत होतं. ज्युएल टेबलाशी बसून नकाशात बेटं रंगवत होती, जीभ दातांत धरून. आणि नेरिसाने तिच्या नाकाकडे बघितलं. बघायचं नव्हतं, पण बघितलं. नाकाचा शेंडा, मग दोन भुवयांमधली जागा, मग पुन्हा शेंडा. क्षणभर ते नाक सुटं झालं, पोरीच्या चेहऱ्यावर नुसतं ठेवल्यासारखं, आणि तिला खरोखरच कळेना की हे कुणाचं आहे. जिने नऊ महिने पोटात वागवलं तिला कळेना. ती इतकी घाबरली की हातातलं भांडं कलंडून मूठभर तांदूळ मोरीत गेले. सासूबाई म्हणाल्या, "आता स्टारची बायको झालीस, सांड." ती वाकून दाणे वेचत राहिली. इतकी माणसं एकच गोष्ट बोलायला लागली की आपल्या माहितीचा आवाज किती बारीक होतो, घरातल्या घरात कुणीतरी पुटपुटल्यासारखा, असं काहीसं तिच्या मनात आलं, पण तेही तिला पुरतं धरता आलं नाही. थकवा होता, तो मात्र स्पष्ट होता. खांद्यांत, डोळ्यांच्या मागे, आणि 'नाही' हा शब्द उच्चारताना हलणाऱ्या जबड्यात.

शनिवारी दवाखान्याच्या नंबरावर एका मुलीचा फोन आला. नाव क्रिसेल. एका संस्थेत नेटवरच्या अफवा तपासायचं काम करत होती. आवाज बसका, सर्दी झाल्यासारखा. "ताई, मी बातमी मागायला फोन नाही केला. खोटं खोडायला केलाय. सकाळपासून मी एका गायिकेला जिवंत केलंय आणि एका जोडप्याचा घटस्फोट मोडलाय. आता तुमचं लग्न मोडायचंय, लुचोबरोबरचं."

बऱ्याच दिवसांनी नेरिसाला मनापासून हसू आलं. तिने सगळं सांगितलं. अत्तराचा वास सोडून, चुकीची बटणं सोडून. क्रिसेल मध्ये मध्ये 'हं' म्हणत होती, टाइप केल्याचा आवाज येत होता. "माझा विश्वास आहे, ताई. पण माझ्या विश्वासानं भागत नाही. मूळ फोटो आहे?"

"तो फोन गेला. पुरात."

"फोटो काढला कुणी?"

"माझ्या नवऱ्यानं."

"मग झालंच की! त्यांच्याकडून एक वाक्य घ्या. 'हा फोटो मी काढला.' एवढंच. नावानिशी. बास."

तिने रोदेलला तसं लिहिलं. तो इंजिनखोलीत तेल-पाणी बघण्याच्या कामावर होता, जहाज कुठल्याशा आखाताच्या तोंडाशी नांगर टाकून उभं होतं. निरोप वाचल्याची खूण आली. उत्तर आलं नाही. रविवारी ती चर्चमधून परतत असताना, नदीकाठच्या रस्त्यावर, ज्युएल पुढे आजीचा हात धरून चालत असताना फोन वाजला. त्याच्या मागे इंजिनाची घरघर होती, नेहमी असते तशी; तो बोलायच्या आधी ती घरघरच तिला त्याचा आवाज वाटायची.

"पाठवतोस ना ते वाक्य?" ती म्हणाली. "ती मुलगी थांबलीय."

"पाठवतो. नेरी, एक विचारू?"

"विचार."

"त्याला तू आधी भेटली होतीस का? म्हणजे मॉलच्या आधी. तू तिकडे ओर्तिगासला कामाला होतीस तेव्हा. तिथे त्यांची शूटिंगं व्हायची, असं इथे एक जण म्हणत होता."

तिला वाटलं, घरघरीत चुकीचं ऐकू आलं. "रोदेल, फोटो तू काढलास."

"मला माहीत आहे मी काढला."

"मग?"

"मग तू अशी का हसतेयस? इथे सगळ्यांनी बघितलाय तो. जेवायच्या टेबलावर फिरला. हेड कुक म्हणाला, अनोळखी माणसाशेजारी बाई अशी हसत नाही. मी म्हटलं, गप रे. पण मग मी बंकवर पडून मोठा करून बघितला. माझ्याकडे बघून तू कधी अशी हसलीयस, मला आठवेना."

नदीवर ऊन चकाकत होतं. पुराने पुलाच्या खांबावर ठेवलेली मातीची रेघ डोक्याच्याही वर होती, आणि तिच्याखालून माणसं बिनघोर सायकली चालवत होती. सांगायला किती सोपं होतं. दोनच शब्द होते. तुझ्याकडे बघून. तुझी बटणं चुकली होती, आणि तू जाणार होतास, आणि तू ओरडत होतास माझ्याकडे बघ म्हणून. पण ते सांगितलं तर तो पुरावा झाला असता. आतापर्यंत तिने मासळीवालीला पुरावे दिले होते, ट्रायसिकलवाल्याला दिले होते, त्या सर्दीच्या आवाजाच्या मुलीला दिले होते, आणि एवढी एकच गोष्ट उरली होती जी कुणी मागितली नव्हती. ती त्याच्यापुढे ठेवायची आणि तो पटतंय का बघणार. जगात हे हसू ज्या एकाच माणसाला समोरून दिसलं होतं, तोच आता ते इतरांसारखं फोनवर मोठं करून बघत होता. "रेंज नाही," ती म्हणाली आणि फोन बंद केला. पुढे ज्युएल मागे वळून हात हलवत होती.

वाक्य आलं नाही. सोमवारी क्रिसेलने विचारलं, तेव्हा नेरिसा म्हणाली, "जहाजावर नेट नाही." असल्या उत्तरांची क्रिसेलला सवय असावी. म्हणाली, "असू दे, ताई. मी दुसऱ्या वाटेनं जाते." आणि ती गेली. त्या दिवशी मॉलमध्ये असलेल्या कुणा कॉलेजकुमारीने गर्दीच्या मागून व्हिडिओ काढला होता, तो तिने शोधून काढला. बिस्किटाच्या कंपनीचा फलक, तारीख, लुचो वाकून रडणारं मूल उचलतो, पिवळ्या ब्लाउजमधली आई, आणि कोपऱ्यात पाठमोरा एक माणूस टाचा उंचावून फोन धरलेला. क्रिसेलने त्याच्याकडे बाण काढला: 'मुलीचे वडील, फोटो काढताना.' नेरिसाने तो व्हिडिओ दवाखान्याच्या मागच्या खोलीत, औजारं उकळायच्या भांड्याशेजारी उभं राहून बघितला. पाठीवरून बटणं दिसत नव्हती.

खुलासा त्याच दुपारी लागला. वर तोच फोटो, आणि त्याच्यावर तिरपा, लाल, जाड शिक्का: खोटं. शिक्क्याचा शेवट ज्युएलच्या कपाळावर आला होता. नेरिसाने लगेच फोन लावला. "ती अक्षरं काढा. माझ्या पोरीच्या तोंडावर खोटं असं लिहिलंय."

"ताई, शिक्का मध्ये नाही मारला तर लोक तो भाग कापून फोटो परत फिरवतात. तुमच्याच भल्यासाठी आहे."

"भलं पुरे झालं. ती नऊ वर्षांची आहे, तिला वाचता येतं."

पलीकडे क्रिसेलने नाक पुसलं. कुणाशीतरी बोलल्याचं ऐकू आलं, मग वाद, मग खुर्ची सरकल्याचा आवाज. संध्याकाळपर्यंत त्यांनी दोघींचे चेहरे पुसट केले. शिक्का तसाच राहिला, पण आता तो दोन धुक्याच्या गोळ्यांवर होता. तोवर मूळ चित्र बऱ्याच जणांनी घेतलंही होतं. खाली लोक लिहीत होते: 'लुचोने किती चारले?' 'चेहरे लपवले, म्हणजे काहीतरी आहेच.' एका बाईने लिहिलं होतं, 'मला कधी खरं वाटलंच नव्हतं.' नेरिसाने नाव बघितलं. पुलाजवळची चपलांची दुकानवाली.

तरी ओसरलं. लुचोचा सिनेमा पडला, मग कुठल्याशा गायकाच्या किडन्या निकामी झाल्याची बातमी आली आणि सगळे तिकडे धावले. ट्रायसिकलवाला भाडं घ्यायला लागला. मासळीवाली वजनाला बरोबर देऊ लागली, तर सासूबाईंची चिडचिड झाली. शाळेत ज्युएलला 'आरेव्हालो' म्हणून हाक मारणाऱ्या पोरांनी तिला पुन्हा 'जुई' म्हणायला सुरुवात केली. नेरिसाला वाटलं, पोरगी सुटली असेल. एका संध्याकाळी ती तिची वेणी घालत होती, तेव्हा ज्युएल आरशात न बघता म्हणाली, "म्हणजे नक्की तो नाही ना?"

"कोण?"

"लुचो."

"नाही गं. तुला माहीत आहे ना, तुझे बाबा कोण ते?"

"माहीत आहे." तिने रबर बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "मला आधीपासून माहीत होतं. पण तो रोज टीव्हीवर दिसतो. बाबा दिसत नाहीत. म्हणून मी थोडे दिवस तसं धरलं होतं. थोडेच दिवस."

नेरिसाच्या हातात तीन पेड होते. एकावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. हात आपोआप चालत राहिले. पोरीला जवळ घ्यावं असं वाटलं, पण तिची मान इतकी ताठ होती, इतकी सावध, की घेतलं असतं तर ती रडली असती, आणि तिला रडायचं नव्हतं. म्हणून नेरिसाने वेणी शेवटपर्यंत घातली, जरा घट्टच, आणि रबर लावलं.

त्याच आठवड्यात, ती कामावरून परतून पायरीवर चपला काढत होती, तेव्हा रोदेलचा फोन आला. घरघर आज कमी होती. डेकवर उभा असावा, वारा होता. आवाजही हलका, खूप दिवसांनी घोट घोट पाणी प्यायल्यासारखा.

"बघितलंस ना?" तो म्हणाला. "तो व्हिडिओ मी सगळ्यांना दाखवला. पाठमोरा आहे तो मीच, म्हटलं. हेड कुकनं माफी मागितली माझी. दोन दिवस मला जास्तीचं मटण वाढतोय."

"बरं झालं."

"झालं ना आता? सगळं खोटं ठरलं."

"हो. ठरलं."

"मग अशी काय बोलतेयस, परक्यासारखी?"

पायरीला टेकून ती उभी होती. आत सासूबाई कुणाला तरी फोनवर गायकाच्या किडन्यांबद्दल सांगत होत्या. ती म्हणाली, "त्यांनी पसरवलं ते खोटं ठरलं, रोदेल. तू विचारलंस ते तू खरंच विचारलंस."

वारा वाजत राहिला. मग तो म्हणाला, "नेरी, इथे माणसाचं डोकं कसं होतं तुला नाही कळायचं. चारी बाजूंना पाणी, तेच ते चेहरे. एकानं म्हटलं की दुसरा म्हणतो." ती ऐकत होती. तिला ते कळत होतं, तेच तर अवघड होतं. तांदूळ धुताना तिनेही एक नाक बघितलं होतं. पण हे त्याला सांगायचं बळ तिच्यात नव्हतं, आणि क्षमा करायचंही नव्हतं. दोन्हींना सारखंच बळ लागतं. त्याचं कंत्राट अजून बरेच महिने चालणार होतं. तो येईल, दारात उभा राहील, ती वाढेल, तो जेवेल. मधल्या काळात हे एकतर विरेल नाहीतर मुरेल. आज काहीच सांगता येत नव्हतं.

"मी चुकलो," तो म्हणाला. तिने दुसरी चप्पल काढली. तो घाईघाईने म्हणाला, "ज्युएल कशी आहे? शाळेत फार त्रास दिला का पोरांनी? काय म्हणाली ती, सगळं झाल्यावर?"

दारातून आत ज्युएल दिसत होती. टीव्हीपुढे मांडी घालून बसली होती, पाठ इकडे, वेणी घट्ट. पडद्यावर कसलीशी साबणाची जाहिरात चालू होती.

"म्हणाली," नेरिसाने आवाज खाली आणला, "मला माहीतच होतं, माझे बाबा कोण ते. एक दिवससुद्धा दुसरं काही मनात आलं नाही म्हणाली."

पलीकडे तो हसला, आणि मग हसता हसता त्याचा श्वास अडकला. "खरंच? असं म्हणाली?"

"हो," ती म्हणाली. "अगदी अस्संच."